निळ्या बगळ्याचे ठिपके

१२ एप्रिल १९८१, रविवार

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: सायकलच्या चाकावर चालणारा लेथ, एक. त्यावर कातलेली रॉकेटची नाकं, पांगाऱ्याच्या लाकडाची, तेरा. दोन चिरली, म्हणून अकरा. खळ आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या नळ्या, नऊ, सर्व सरळ. काटेसावरीच्या पातळ फळीचे पंख, छत्तीस. आतून खण पाडलेली पत्र्याची ट्रंक, एक. तिवई, पाळणा, देव्हारा, कणगीचं झाकण. या घराचे दरवाजे-खिडक्या. भिंती गवंड्याच्या आहेत, आणि त्या तशाच दिसतात. ही वहीसुद्धा मीच शिवली.

शिक्षण सातवी. रसायनीच्या कारखान्यात टर्नर, एकोणीस वर्षं. इंग्रजी शब्दकोशातून शिकलो, 'ए'पासून सुरुवात केली, सध्या 'पी'वर आहे.

वही कशासाठी, तेही लिहून ठेवतो. शहात्तर साली कारखान्यात नवं युनिट उभारायला आलेल्या हॅन्सन साहेबाने परत जाताना मला एक पुठ्ठ्याचा डबा दिला. आत मॉडेल रॉकेटचे सुटे भाग: कागदी नळी, पंखांची फळी, लाकडी नाक, खाली येताना उघडायची प्लास्टिकची छत्री आणि जोडणीचा कागद. डब्यावर झेपावणारा निळा पक्षी. नाव 'ब्लू हेरॉन'. मी निळा बगळा म्हणतो. साहेब म्हणाला, जोड आणि उडव. मी सगळे भाग काढून मापं घेतली, त्यांच्या प्रती केल्या आणि मूळ जसंच्या तसं डब्यात परत ठेवलं.

पुढच्या साली हायवेवर गोमाच्या भंगारात तसाच दुसरा डबा मिळाला. चित्र तेच, रंग तोच. पण किमतीतला तीनचा आकडा! पहिल्या डब्यावर तो गोल डोक्याचा, यावर चपट्या डोक्याचा. म्हणजे छपाई वेगळी. म्हणजे एकाच मालाच्या दोन जाती. त्या दिवसापासून मी बिघडलो असं इंदू म्हणते. इंदू म्हणजे माझी बायको, इंदूबाई.

आता अकरा डबे आहेत, त्यांतले सात निळे बगळे. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, कशावरून, याची यादी करायला घेतो आहे. आपल्या देशात अशी यादी कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी रेडिओवर बातमी. अमेरिकेने पंखवालं यान आकाशात सोडलं, आत दोन माणसं. इंदू भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांचं उडालं बगा. तुमचं येकतरी उडतं का वो?"

ती हे वर्षातून पन्नास वेळा विचारते. मी मापाचं व्हर्नियर पुसायला घेतो.

२६ एप्रिल

कर्जतला जाऊन घड्याळजीकडून जुनं भिंग आणलं. त्याला पितळेची मूठ कातून बसवली. (वरच्या यादीत धरावी.)

आणि पहिल्याच दिवशी शोध! पहिल्या नंबरच्या डब्याच्या बुडाला, मागच्या कडेशी, एका ओळीत बारीक पिवळे ठिपके. दोन ठिपके, एकाची मोकळी जागा, पुन्हा दोन. व्हर्नियरने मोजले: प्रत्येक दोन मिलिमीटर, थोडा जास्तच. पूर्ण गोल नाहीत, किंचित चौकोनी. म्हणजे हाताने मारलेले नाहीत, शिक्का आहे. दोन ठिपक्यांतलं अंतरही जवळपास सारखं.

मग सगळे डबे उलटे केले. दुसऱ्या नंबरवर एक ठिपका, मोकळी जागा, मग दोन. एकोणऐंशीत घेतलेल्या तिसऱ्या नंबरवर दोन. गेल्या वर्षी घेतलेल्यांवर एकेक.

पाच वर्षं हे माझ्या घरात होतं आणि मला दिसलं नाही. लाज वाटली, पण आनंद जास्त झाला. चहा थंड झाला तो तसाच प्यालो.

२८ एप्रिल

विचार पक्का झाला. ठिपके म्हणजे कंपनीच्या तपासणीची खूण, एका वर्षाला एक. मी जे डबे आधी घेतले त्यांना ठिपके जास्त, म्हणजे जुना माल आधी बाजारात आणलेला. व्यापारी इथून तिथून सारखेच.

शंका राहायला नको म्हणून इंदूला विचारलं, "ट्रंकेतल्या डब्यांना कोण हात लावतं?"

"मी कशाला लावू? दसरा सोडून कदी उगाडली हाय का ती ट्रंक मी?"

"बरं," म्हटलं. तेव्हा घरच्या माणसांचा प्रश्न निकालात निघाला.

१० मे

कुंभिवलीला गोमाकडे गेलो. गोमा बत्तीस वर्षांचा असेल, पण भाव करताना साठीचा होतो. त्याने टायरांच्या ढिगामागून एक निळा बगळा काढला.

"घ्या सादेवदादा. तुमच्यासाटी टेंपोवाल्याशी भांडलोय."

बूड आधी बघितलं. एकही ठिपका नाही! म्हणजे कंपनीने अलीकडे शिक्का मारणं बंद केलं आहे. नवं निरीक्षण.

"उलटं काय बगता? चितार वरच्या अंगाला हाय."

"तुला नाही कळायचं गोम्या."

"मला नाय कळत, पन त्या मुंबयवाल्याला कळतं. फियाटवाला येतो येक, दिघे म्हनून. त्यो बी ह्येच मागतो. तुमचं नाव सांगितलं त्याला, तर ह्यो कागद देऊन गेला."

कागदावर नाव: कमळाकर दिघे, दादर. विमान कंपनीत आहेत. म्हणजे जगात हा नाद असलेलं माणूस आणखी एक आहे, आणि ते खालापूर तालुक्यातून जातं-येतं. घरी येऊन लगेच पत्र लिहिलं. तीनच्या आकड्याचं लिहिलं, ठिपक्यांचं लिहिलं. विचारलं की तुमच्या डब्यांच्या बुडाला काय आहे?

७ जून

दिघ्यांचं उत्तर! आठ पानी! शुद्ध मराठी. त्यांच्याकडे चौदा निळे बगळे आहेत. अमेरिकेत अशा संग्राहकांचं एक मंडळ आहे, ते दर तीन महिन्यांनी पत्रक काढतं, दिघे त्याचे सभासद. लिहितात: 'माझ्या एकाही डब्यावर ठिपका नाही. मंडळातल्या कुणी असा ठिपका पाहिल्याचंही माझ्या माहितीत नाही. आपण काय शोधून काढलंत याची आपल्याला कल्पना आहे का?'

आहे. म्हणून तर लिहिलं.

त्यांनी सुचवलं की माझ्या सगळ्या निरीक्षणांचा एक लेख करावा, ते इंग्रजी तपासून मंडळाला पाठवतील. माझं नाव छापून येईल.

मोकळ्या जागेचाही उलगडा झाला. पहिला ठिपका शहात्तरचा, दुसरा सत्त्याहत्तरचा, मोकळी जागा अठ्ठ्याहत्तरची. त्या साली तिथे शिक्का मारणारा कामगार संपावर असणार. आपल्याकडे होतो तसा. अठ्ठ्याहत्तर साल माझ्याही ध्यानात आहे. दसऱ्याच्या चार दिवस आधी आई गेली, सुतकात दसरा नाही की काही नाही, आणि त्या साली मी एकही डबा घेतला नाही. येसूबाई तिचं नाव, इंदू तिला आत्याबाई म्हणायची. तिला माझी रॉकेटं म्हणजे देवळाचे कळस वाटायचे.

१९ जुलै

चौथ्या नंबरच्या डब्याच्या बुडाला पालीची घाण. ट्रंकेचं झाकण नीट लागलं नव्हतं, दोष माझाच. धुण्याचा साबण पाण्यात घोळून, फडका घट्ट पिळून, अगदी हलक्या हाताने पुसलं. वाळत ठेवलं आहे.

आज इंदूने हळदीच्या हाताने माझा पांढरा सदरा धरला आणि वर साबण लावला. खांद्यावर लालभडक डाग. आता कारखान्यात विचारतील, कोण थुंकलं.

२० जुलै

दोनदा भिंग पुसून पाहिलं. चौथ्या नंबरच्या डब्यावरचा ठिपका तांबडा आहे!

पिवळा नव्हे, तांबडा. विटकरीकडे झुकणारा. एप्रिलमध्ये मी त्याची नोंद पिवळा अशी केली होती. भिंग असूनही चुकलो, उजेड कमी असेल. सगळ्यांत तांबडा हा एकच. दिघ्यांना तार करणार होतो, मग पत्रच टाकलं. तारेत 'किंचित विटकरी' कसं सांगणार?

१६ ऑगस्ट

लेख झाला. चौदा पानं. पहिली दहा तीनच्या आकड्यावर, जोडणीच्या कागदाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर आणि छत्रीच्या पट्ट्यांवर (गोल तीनच्या डब्यात सहा पट्टे, चपट्या तीनच्या डब्यात आठ, यात एकदाही फरक पडला नाही). शेवटची चार ठिपक्यांवर. खरं सांगायचं तर ती चार पानंच जास्त चांगली उतरली आहेत.

दिघे लिहितात, लेख पाठवायच्या आधी ठिपके त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आहेत. दसऱ्याला सुट्टी, सकाळी दहाला गाडीने येतील. तांबड्या ठिपक्याचा डबा विकायचा असेल तर दोन हजार देतील.

इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी मानूस दसऱ्याला येनार? मंग पुरन घालाया लागंल." दोन हजारांचं काहीच बोलली नाही.

२० सप्टेंबर

कारखान्यात कळलं आहे. रॉकेटांवरून मला बाण्या म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत चंदर फिटर मोठ्याने म्हणाला, "बाण्याचं नाव अमेरिकेत छापनार. आता लेथवर बसायला खुर्ची मागंल." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून बरं वाटत होतं, हे इथे कबूल करतो.

एक शंका मात्र जात नाही. दिघ्यांच्या चौदा डब्यांवर ठिपके नाहीत, माझ्या जुन्या सगळ्यांवर आहेत. दिघ्यांचे मुंबईचे, माझे हायवेवरचे. कंपनीला मुंबई आणि कुंभिवलीतला फरक कसा कळला? हॅन्सन साहेबाचा डबा तर साहेबाने स्वतः आणलेला, शहात्तरपासून माझ्याच ट्रंकेत, तरी त्यावर नंतरच्या सालांचे ठिपके. कुठेतरी माप चुकतंय. पण कुठे, ते सापडत नाही. लेख चुकीचा निघाला तर चंदरला जन्मभराची करमणूक, आणि मला सातवीतला सहदेव म्हणून परत बाकावर बसावं लागेल.

८ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सगळं क्रमाने लिहितो.

दर दसऱ्याला मी पहाटेच कारखान्यात जातो. माझ्या मशीनची पूजा मी दुसऱ्याला करू देत नाही. हार, नारळ, पेढे, घरी यायला दुपार होते. आज दिघे येणार म्हणून मशीनचा हार चंदरवर सोपवून सुट्टी घेतली. तेव्हा सुतकाचं साल सोडलं तर लग्नानंतर पहिल्यांदाच दसऱ्याच्या सकाळी मी घरात होतो.

अंघोळ करून मागच्या पडवीत आलो. पाटावर कोयता, विळी, फावडं, टिकाव ओळीने मांडलेले. त्यांच्या शेजारी माझं व्हर्नियर. आणि त्याच्या शेजारी, चित्र खाली बूड वर, माझे बाराच्या बारा डबे! समोर इंदू मांडी घालून बसलेली. डाव्या हातात हळदीची वाटी, उजव्या हातात काडेपेटीतली काडी. जिभेचं टोक दातांत धरून ती पहिल्या नंबरच्या डब्यावर काडीने ठिपका देत होती. पाचवा.

वाकून डबे मोजले. मग म्हणालो, "काय करतेस गं हे?"

"काय म्हंजी? हत्यारं पुजते. वर्साला पुजते तशी."

"डबे काय हत्यारं आहेत?"

"तुमची हायेत. लोकांचा कोयता, तुमचा डबा. दिसभर टकुरं त्यातच घालून बसता ना?"

"आणि काडीने का?"

"बोट लावलं तर डाग मोटा पडंल, आन् तुमी घर डोक्यावर घ्याल. म्हनून काडी. बुडालाच लावते, चिताराला धक्का नाय."

"कुंकू नाही लावत?"

"त्ये झडतं. हळद ऱ्हाते."

मी खाली बसलो. काडी हातात घेतली. चौकोनी. मोजायची गरज नव्हती, तरी व्हर्नियर शेजारीच होतं म्हणून मोजली. दोन मिलिमीटर, थोडी जास्तच.

चौथ्या नंबरचा तांबडा ठिपका आठवला, आणि माझा पांढरा सदरा आठवला. दोन्ही एकाच पानावर लिहिलेले आहेत. वही मागे उलटून बघितली, आहेत.

मग पहिल्या डब्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि ही?"

इंदूने हळदीची वाटी खाली ठेवली. "ती आत्याबायच्या वर्साची. सुतक व्हतं, पूजा नाय झाली. म्हनलं, जागा ऱ्हाऊ दे त्यांची."

अमेरिकेत कोणी संपावर गेलेलं नव्हतं.

माझं तोंड बघून ती घाबरली. "चुकलं काय वो माजं? पुसू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर गेल्या.

बरोबर दहाला फियाट आली. दिघे उंच, पन्नाशीचे, गळ्यात भिंग. आपट्याची पानं हातात देऊन "सोनं घ्या" म्हणाले आणि दुसऱ्याच वाक्यात, "तांबडा कुठाय?" मी चौथ्या नंबरचा डबा दिला. ते खिडकीशी उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "सहदेवराव, हे तर विलक्षण आहे."

त्या वेळी मी गप्प होतो. पाच मिनिटं तरी. हे लिहितो, कारण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. दोन हजार डोळ्यांपुढे आले, चंदर आला, छापलेलं नाव आलं. कुणाला कळणार होतं? इंदू आत पुरण वाटत होती.

मग वाटलं, एकोणीस वर्षांत मी एकही जॉब माप चुकलेला असताना पुढे पाठवला नाही. चुकलं तर बाजूला काढायचा आणि वर खडूने फुली मारायची. चूक होते. पण ती पॅक करून पाठवली की तिचं नाव बदलतं.

म्हणालो, "दिघेसाहेब, तो ठिपका हळदीचा आहे. माझ्या बायकोने लावलेला. तांबडा मी केला, साबणाने."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग आत जाऊन इंदूला म्हणाले, "वहिनी, जरा हळदीची वाटी आणि साबण देता?" पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर त्यांनी स्वतः काडीने ठिपका दिला, वाळू दिला, साबणाचं बोट फिरवलं. लाल झाला. आणि तो माणूस हसायला लागला. चष्मा काढून, डोळे पुसून, भिंतीला धरून हसला. "मी अमेरिकेला पत्र लिहिलंय हो! वर्षाची खूण म्हणून!" पुन्हा हसला. इंदू पदर तोंडाला लावून हसत होती. मला आधी राग आला, मग तिच्याकडे बघून माझंही सुटलं. अशी मजा या घरात आई असताना व्हायची.

हसणं ओसरल्यावर मी लेखाची शेवटची चार पानं काढली आणि खडू नव्हता म्हणून त्यांच्यावर पेन्सिलीने फुली मारली.

"आणि ही दहा?" दिघे म्हणाले.

"ती तपासा. एकही चूक सापडली तर तीही फाडतो."

त्यांनी गाडीतून आपले चौदा डबे आणले. पडवीत चटई टाकून सव्वीस डबे मांडले, शेजारी कोयता आणि टिकाव होतेच. दोन तास एकेक तीनचा आकडा, एकेक कागद, एकेक छत्री. गोल तीन, सहा पट्टे. चपटा तीन, आठ पट्टे. त्यांच्या चौदांतही एक अपवाद नाही. शेवटची छत्री घडी घालताना ते म्हणाले, "पाच वर्षं हे डबे माझ्या कपाटात आहेत. मला तीन म्हणजे तीनच दिसत होता."

मी नुसता डबा बंद केला. पण हे वाक्य मी त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

पुरणपोळ्या पाच खाल्ल्या त्यांनी. जाताना पहिल्या नंबरचा डबा पुन्हा मागून घेतला, बूड उन्हात धरलं. पाचवा ठिपका ओला होता. त्यांनी एक आकडा सांगितला. मी म्हटलं, विचार करतो. तो आकडा आज लिहीत नाही. लिहिला की नजर तिकडेच जाते.

१३ डिसेंबर, रविवार

पत्रक आलं. दिघ्यांनी टपालाने पाठवलं. दहा पानांची त्यांनी अडीच केली आहेत, पण तीनचा आकडा मोठा करून छापला आहे, दोन्ही डोकी शेजारी शेजारी. वर माझं नाव. खाली खालापूर, इंडिया. गावाच्या स्पेलिंगात एक 'एच' गळला आहे, बाकी शुद्ध.

उद्या चंदरला दाखवणार. आज इंदूला दाखवलं. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक टीप आहे. ती तिला मराठी करून वाचून दाखवली: 'वाचकांनी लक्षात घ्यावे की लेखकाच्या संग्रहातील डब्यांवर तळाशी पिवळे ठिपके आहेत. हे कंपनीचे नसून श्रीमती इंदूबाई यांचे आहेत. त्या ते दर वर्षी एक याप्रमाणे देतात. अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.'

"माजं नाव?" तिने बोट ठेवलं. "कुठं गेलंय ह्ये?"

"अमेरिकेत."

"कसं गेलं?"

"विमानाने."

तिने पत्रक माझ्या हातातून घेतलं, उलटं धरलं, पुन्हा सुलटं केलं. म्हणाली, "म्हंजी उडालं की वो येक!"

पाकिटात दिघ्यांचं पत्रही होतं. आकडा पुन्हा तोच. तांबडा त्यांना नको, पहिल्या नंबरचाच हवा, पाच ठिपके आणि एक मोकळी जागा असलेला. लिहितात, असा जगात दुसरा नाही, आणि ते खरंच आहे, मी तपासलं आहे. उत्तर लगेच लिहिलं, कारण यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कळवलं, की या डब्याचं उत्पादन अजून चालू आहे, पुढच्या दसऱ्याला सहावा ठिपका लागायचा आहे, आणि अर्धवट जॉब मी कारखान्याबाहेर सोडत नाही. रक्कम फक्त नोंदीसाठी लिहितो, पाच महिन्यांच्या पगाराहून जास्त होती: पाच हजार एक रुपये.